रिकामा खिळा

ते काय वाजवतोयस रे मघापासून? आण इकडे. आण म्हणतो ना.

…अरे गाढवा, हा तर वरच्या किल्ल्याचा बिल्ला!

"आठवण म्हणून आणला, मामा. पत्र्याचा तुकडा तर आहे."

आठवण म्हणे. दिवसभर किल्ले पालथे घातलेत, दगडादगडाला टेकून फोटो काढलेत, आणि आठवण पत्र्याची! हसू नका रे मागचे. बसा खाली. कुठल्या राजानं कुठला बुरूज बांधला ते मला विचारू नका, माझी शाळा दुसरीत सुटली. पण या बिल्ल्याचं मला ठाऊक आहे. माझ्या साडूच्या बाबतीत झालंय. सख्ख्या साडूच्या. ऐकीव नाही.

साडू त्या किल्ल्याच्या दारावर राखणदार होता. गाव त्याला चिडवायला किल्लेदार म्हणायचं, आणि तो खरंच छाती काढून चालायचा. काम काय, तर सकाळी दार उघडायचं, अंधार पडायच्या आत लावायचं. दाराबाहेर चौकी आहे, तुम्ही पाहिलीत. चौकीत फळी, फळीवर खिळे, खिळ्यांवर बिल्ले. वर जाणाऱ्यानं एक काढून गळ्यात घालायचा, उतरला की परत लावायचा. संध्याकाळी खिळा रिकामा दिसला, म्हणजे वर माणूस आहे. मग शिट्टी घेऊन शेवटच्या बुरुजापर्यंत जायचं, माणूस शोधून आणायचा, आणि मगच कुलूप.

पण तुझ्यासारखे दीडशहाणे बिल्ला खिशात घालून घरी जातात. साडू गुडघे धरत वर चढायचा, शिट्ट्या फुंकून छाती फुटायची, आणि वर कुत्रंसुद्धा नसायचं. एकदा तर बिल्ला सापडला तो शहरात, कुणाच्या तरी गाडीच्या आरशाला लटकताना. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी एक बाई आल्या. एकट्याच. वयस्कर, शाळेतून निवृत्त झालेल्या. पिशवीत चित्रं काढायचं सामान. त्यांनी फळीवरचा बिल्ला काढला, तर त्याचा कान वाकडा. दोरी ओवायची कडी असते ना, ती. बाई हसल्या.

"याचा कान कुणी पिळला हो? मी नाही बरं का. मी पोरांचे पिळायची."

साडूही हसला. त्याला माणसं आवडायची, तसा वाईट नव्हता तो. बाईंनी विचारलं, "मी शेवटच्या बुरुजावर बसणार आहे. चित्राच्या नादात उशीर झाला तर?"

साडू म्हणाला, "हा बिल्ला खिळ्यावर येत नाही तोवर मी कुलूप लावत नाही, बाई. निवांत बसा."

शब्द दिला त्यानं. लक्षात ठेवा.

आता नेमकी त्या संध्याकाळी साडूची मुलगी पहिल्यांदा बाळाला घेऊन यायची होती, शेवटच्या गाडीनं. याचं चित्त सगळं खाली, गाडीकडे. वरून पर्यटकांचा एक घोळका कलकलाट करत उतरला, भराभर बिल्ले अडकवले आणि गेला. साडूनं फळी पाहिली. एक खिळा रिकामा. वाकड्या कानाचा बिल्ला नव्हता.

त्याला बाई आठवल्या. आठवल्या नाहीत असं नाही… तेच तर आहे.

पण गाडीचा हॉर्न वाजला खाली वळणावर. हा मनाशी म्हणाला, घोळक्यातून गेल्या असतील. शिकलेली माणसंच जास्त पळवतात. दारातूनच एकदा शिट्टी फुंकली. अर्धी. मग खणातून नवा कोरा बिल्ला काढला, त्या खिळ्यावर लावला, फळी भरली, कुलूप घातलं, आणि नातवाला बघायला धावत सुटला.

रात्री पाणी गोठलं होतं.

सकाळी कुलूप काढून त्यानं दार ढकललं. आत उघडणारं दार ते. जड लागलं. पलीकडून कुणी तरी टेकून बसल्यासारखं.

बाईच होत्या. दाराला पाठ लावून. बोटांची पेरं सोललेली…

"मामा, मग त्यानं सांगितलं नाही कुणाला?"

सांगितलं ना. पण कधी? आधी त्यानं बाईंची पिशवी उलटी केली. गळा पाहिला, खिसे पाहिले. बिल्ला शोधत होता! तो दुसऱ्या कुणाला सापडला असता तर हा अडकला असता. नाही सापडला. मग बोंब मारली. साहेब लोक आले, फळी पाहिली, एकूण एक खिळा भरलेला. बाई बिल्ला न घेताच आत शिरल्या, नियम मोडून मागे राहिल्या, असं ठरलं. साडूनं हू की चू केलं नाही.

बाईंचा मुलगा आला न्यायला. चांगला धिप्पाड माणूस. त्यानं साडूपुढे हात जोडले. म्हणाला, "आईमुळे तुम्हाला फार त्रास झाला. माफ करा."

साडूनं मान हलवली. माफ केलं म्हणून.

जेवेना तो नंतर. बाळाला उचलायला सांगितलं तर उचलेना. माझी मेव्हणी माझ्याकडे येऊन रडली. मी आपलं म्हटलं, प्रेत पाहिलंय, जाईल मनातून. मला तरी काय ठाऊक?

महिना झाला असेल. गुरुवार, अमावास्येची रात्र, साडेनऊची वेळ. बाळाला खोकला लागलेला. औषधाची बाटली साडूनं दुपारीच मागवून घेतली होती आणि चौकीत विसरून आला होता. मेव्हणी म्हणाली, "डोकं कुठं असतं हो तुमचं? जा, घेऊन या." मुलगीही म्हणाली, "बाबा, लवकर या, फार खोकतोय." निघाला. हातात बॅटरी, खिशात किल्ल्या. रोजची वाट, डोळे मिटून चालेल अशी.

चौकी उघडली. बाटली टेबलावरच होती. ती घ्यायला वाकला, आणि उजेड फळीवर गेला.

एक खिळा रिकामा.

संध्याकाळी त्यानं स्वतः फळी पाहिली होती. भरलेली होती. तो कोरा बिल्ला खाली जमिनीवर पडलेला.

वारा नव्हता.

मग दारावर टकटक झाली. बाहेरून नाही… किल्ल्याच्या दारावर. आतून.

हळू. दमलेल्या माणसानं वाजवावं तशी.

साडू दारापुढे येऊन उभा. हातात किल्ली.

पुन्हा टकटक.

"आहात का हो?"

…

"मी बिल्ला आणलाय."

यानं किल्ली कुलपापर्यंत नेली होती म्हणे. नेली, आणि हात तिथंच थांबला. एकदा फिरवायची होती फक्त. एकदा.

नाही फिरवली.

मग आतून आवाज आला. राग नाही, काही नाही. पोरगं वर्गाबाहेर रेंगाळत असलं की बाईंनी म्हणावं, तसा.

"बरं. मी थांबते."

…

माझं दार त्यानं इतकं बडवलं की मी शिव्या घालतच उठलो. "कुठं आग लागली रे किल्लेदारा?" तर हा उंबऱ्यावरच बसला. आणि तिथं बसून त्यानं मला सगळं सांगितलं. कोरा बिल्ला, अर्धी शिट्टी, उलटी केलेली पिशवी. मला भीती वाटली. बाईंचं ऐकून नाही रे. त्याचं ऐकून.

मी म्हटलं, "बाईंच्या मुलाला फोन लाव."

"आत्ता? उद्या करतो."

"उद्या तू करणार नाहीस. मी ओळखतो तुला. लाव."

"नोकरी जाईल, दादा. जावई काय म्हणेल? पोरीला काय तोंड दाखवू?"

"मग जा वर. जाऊन दार उघड."

त्यानं फोन लावला. माझ्यासमोर. सगळं बोलला, एक शब्द गाळला नाही. पलीकडून तो मुलगा एवढंच म्हणाला,

"मी तुमची माफी मागितली होती."

आणि ठेवून दिला.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. साडू तसाच फोन कानाला लावून बसला.

पण बाळ खोकत होतं ना. बाटली चौकीतच राहिलेली. म्हटलं, चल, मी येतो बरोबर. गेलो दोघं. मी मुकाट्यानं गेलो, उगाच शूरपणा सांगत नाही. चौकी तशीच उघडी. रिकामा खिळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. साडूनं किल्ली लावली, या वेळी लावली, आणि दार ढकललं.

हलकं गेलं. आत कुणी नाही. मी बॅटरी फिरवली. पायऱ्या. तट. दगड.

साडू आत पाऊल टाकून म्हणाला, "बाई, या."

…

कुणी आलं नाही. वाकड्या कानाचा बिल्ला आम्ही दाराशी शोधला, पायऱ्यांवर शोधला. कुठं नाही. दार त्यानं तसंच सताड उघडं ठेवलं, आणि आम्ही बाटली घेऊन उतरलो.

साडूच्या घराला आतून कडी. मेव्हणीनं उघडलं, बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं.

"आता आणताय औषध? मघाशीच खोकला थांबला त्याचा. शांत झोपलाय."

साडूनं विचारलं, "कुणी आलं होतं?"

"एवढ्या रात्री कोण येणार? कडी काढलीच नाही मी."

साडूच्या घरात दाराआड एक खिळा आहे. कामावरून आला की किल्ल्याची किल्ली तो तिथं अडकवायचा. सवयीनं हात गेला त्याचा… आणि थांबला.

मी बॅटरी मारली.

खिळ्यावर बिल्ला होता. वाकड्या कानाचा. मी बोट लावलं, तर बर्फासारखा गार.

फळीवर नव्हता लावला. त्याच्या घरी आणून लावला होता.