मांडवीच्या वाळूवरचा रहाट

"थांब लवू, आत्ता कुठे सळी लाल झालीय. पिवळी होऊ दे," पावसकर बाई म्हणाल्या.

लवूने उचललेला घण खाली ठेवला आणि घाम पुसला. भाता ओढून ओढून मैनाचे हात भरून आले होते, पण तिने वेग कमी केला नाही. भट्टीतली सळी पिवळीधमक झाली. बाईंनी ती सांडशीत धरून ऐरणीवर ठेवली.

"आता मार. जोरात नको, नेमका मार."

ठण्, ठण्, ठण्. सळीचं टोक हळूहळू वाकलं आणि त्याचा आकडा होऊ लागला.

मे महिन्याची सुट्टी होती. रत्नागिरीतली बाकीची मुलं आंब्यांच्या झाडांवर नाहीतर समुद्रात होती. आणि नववीत गेलेली मैना, तिच्या वर्गातला लवू आणि लवूचा धाकटा भाऊ बाबू मात्र शाळेच्या वर्कशॉपमध्ये आपणहून घाम गाळत होते.

"आई म्हणते, सुट्टीत शाळेत जाणारी मुलं तिने पहिल्यांदाच बघितली," बाबू म्हणाला.

"तू काम करायला येतोस की खोबऱ्याच्या वड्या खायला?" मैनाने विचारलं.

"दोन्हीला," बाबू म्हणाला आणि बाईंच्या डब्याकडे बघू लागला.

सगुणा पावसकर बाई शाळेच्या तांत्रिक विभागाच्या प्रमुख होत्या. त्या यायच्या आधी या विभागात मुलं वर्षभर एक लोखंडी ठोकळा कानशीने घासत बसायची. ठोकळा चौकोनी झाला की मार्क मिळायचे आणि ठोकळा भंगारात जायचा. बाईंनी ते बंद केलं. मुलींनाही वर्कशॉपमध्ये घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी वर्गाला सांगितलं होतं, "गावात कुणाचं काय अडतंय ते आधी बघून या. मग ते कागदावर काढा. लोखंडाला हात सगळ्यात शेवटी."

मैना आणि लवू बघून आले ते येसूकाकीला. येसूकाकी मांडवीला राहायची. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला, एक गिरणीत आणि एक बोटीवर. घरची होडी ती आणि तिची सून चालवायच्या. पण मासे घेऊन आल्यावर होडी वाळूवर ओढायला सात-आठ माणसं लागायची. दर वेळी काकी दारोदार हाका मारत फिरायची. मे संपत आला की समुद्र खवळू लागतो. तेव्हा होडी वर काढायला उशीर झाला तर ती खडकावर आपटायची भीती.

म्हणून मुलांनी रहाट केला होता. माडाच्या बुंध्याला बांधायची लोखंडी चौकट, तिच्यात एक मोठं रीळ, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि फिरवायला लांब दांडा. दांडा सोडला तरी रीळ उलटं फिरू नये म्हणून दात्यांची चक्री आणि खिट्टी. दोराच्या टोकाला होडीत अडकवायचा आकडा. त्या वेळी रत्नागिरीला रेल्वे आली नव्हती. चक्रीचं सामान कोल्हापूरहून एसटीच्या टपावरून आलं होतं.

आकडा तयार झाला. तो वर्कशॉपच्या तुळईला टांगून त्याला वाळूची पोती लटकवली. आकडा तसूभरही वाकला नाही. मग बाईंनी ठोकणीने त्याच्या मानेवर दोन अक्षरं उमटवली, 'मै' आणि 'ल'.

"ज्याने केलं, त्याचं नाव त्यावर हवं," त्या म्हणाल्या. "चांगलं निघालं तरी आणि वाईट निघालं तरी."

मग त्यांनी आकड्याला लाल रंग दिला. दुसऱ्या दिवशी रहाट मांडवीच्या वाळूवर बसवून त्यावर ताडपत्री टाकली. चाचणी त्याच्या पुढच्या सकाळी होती.

चाचणीला बरीच माणसं जमली. शाळा समितीचे अध्यक्ष आत्माराम शेटही आले होते. किनाऱ्याच्या मागे त्यांचा बर्फाचा कारखाना होता. त्यांना हे वर्कशॉप मुळातच पसंत नव्हतं.

"पोरींच्या हातात घण देता, बाई?" ते हसत म्हणाले. "बघू तरी तुमचं यंत्र."

लवू आणि मैना दांडा फिरवू लागले. दोर ताठ झाला. येसूकाकीची होडी ओंडक्यांवरून डुलत वर येऊ लागली. माणसं पुढे सरकली. बाबू तर आनंदाने दोराच्या अगदी जवळ गेला.

आणि खाडकन आवाज झाला.

आकडा तुटला. ताणलेला दोर सापासारखा उसळला. बाईंनी झेप घेऊन बाबूला वाळूत ढकललं आणि दोराचा तडाखा त्यांच्या खांद्यावर बसला. होडी ओंडक्यांवरून घरंगळत गेली आणि खडकावर आपटली. तिची एक फळी फुटली.

येसूकाकी मटकन खाली बसली. "माजी होडी गो," एवढंच ती म्हणाली.

आत्माराम शेटांचा आवाज चढला. "बास झालं. आज या मुलाचा जीव गेला असता. जूनपासून वर्कशॉप बंद. त्या खोलीत टायपिंगचा वर्ग काढू. बाई, हे आपलं काम नव्हे."

बाई खांदा दाबून उभ्या होत्या. त्यांनी आधी बाबूला लागलं नाही ना ते पाहिलं. मग येसूकाकीजवळ जाऊन बसल्या.

मैना मात्र वाळूत काहीतरी शोधत होती. दोराला लोंबणारा आकड्याचा अर्धा तुकडा तिने सोडवून घेतला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला.

संध्याकाळी तिघं बाईंच्या घरी गेले. बाईंचा हात झोळीत बांधला होता. लवू मान खाली घालून बसला.

"माझा घण चुकला असेल, बाई."

"चुकला असेल तर चुकला म्हणू. पण आधी बघू तर. मैना, तुकडा आणलायस ना?"

मैनाने तुकडा पुढे केला. "बाई, तुटलेली बाजू बघा. अर्धी चकचकीत आहे आणि अर्धी तपकिरी. आतपर्यंत गंज आहे."

"मग?" बाबूने विचारलं.

"अरे, चकचकीत भाग आज तुटला. तपकिरी भागात भेग आधीपासूनच होती, म्हणून आत हवा जाऊन गंज चढला. आपला आकडा या आठवड्यातला. त्याला आतून एवढा गंज कुठून चढणार?"

लवूने मान वर केली. "म्हणजे हा आपला नाहीच."

बाईंनी भिंग काढून तुकडा बराच वेळ निरखला. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "बरोबर आहे, मैना. आणि हा लाल रंगही वरवर फासलाय, खरवडला तर मानेवर आपली अक्षरं नाहीत. कुणीतरी आकडा बदललाय. आपला काढून घेतला आणि हा भेगाळलेला लावला."

"कुणी?"

"माहीत नाही. आणि माहीत नसताना कुणाचं नाव घ्यायचं नाही."

बाबू आतापर्यंत तुकड्याचा वास घेत होता. "बाई, याच्या खाचेत ग्रीस आहे, आणि ग्रीसमध्ये भुसा."

खरंच, लाकडाचा बारीक भुसा ग्रीसमध्ये चिकटला होता.

"आपल्या वर्कशॉपात भुसा नाही," लवू म्हणाला. "मांडवीला भुसा कुठे असतो?"

"होडीच्या सुताराकडे," मैना म्हणाली.

"आणि बर्फाच्या कारखान्यात," बाबू म्हणाला. "लाद्या भुशातच तर ठेवतात."

सकाळी तिघं आधी सुताराकडे गेले. त्याच्याकडे काथ्याचे दोर होते, पण आकडा एकही नव्हता. मग बाबूने घरून डबा आणला आणि तिघं बर्फ मागायला कारखान्यात शिरले.

आत गारवा होता. छताच्या साखळीला लटकून बर्फाच्या लाद्या वर चढत होत्या. साखळीच्या टोकाला एक आकडा होता. कुणीतरी त्यावर काळा रंग फासला होता, पण त्याचा बाक लवूने लगेच ओळखला. आपल्या हाताने केलेली वस्तू कशी विसरेल?

"महिपतकाका," मैना गोड आवाजात म्हणाली, "आकडा नवा दिसतोय."

महिपत कारखान्याचा मुकादम होता. तो दचकला. "हां, कोल्हापूरहून आणलाय. चला, बर्फ घ्या आणि निघा. कामाच्या जागी पोरं नकोत."

लवू काहीतरी बोलणार, तेवढ्यात मैनाने त्याच्या पायावर पाय दिला.

"आई गं," बाहेर येऊन लवू कळवळला. "बोलू का दिलं नाहीस? आपलाच आकडा होता."

"आणि तो म्हणाला असता, नाही. अक्षरं रंगाखाली आहेत, आणि तो काही आपल्याला आकडा काढू देणार नाही."

"मग शेटना सांगू."

"शेट आपलं ऐकतील? त्यांना ऐकवायचं नाही, लवू. त्यांच्याच तोंडून वदवायचं."

दुपारी मैना एकटी आत्माराम शेटांच्या ओसरीवर गेली. "शेट, आमचं चुकलंच. चांगला आकडा कसा असतो ते आम्हाला शिकायचंय. तुमच्या कारखान्यात फार भारी आकडा आहे म्हणे. दाखवाल का?"

शेट खूश झाले. "याला म्हणतात अक्कल. उद्या सकाळी या. तुमच्या बाईंनाही आणा, त्यांनाही बघू दे."

दुसऱ्या दिवशी सगळे कारखान्यात जमले. मैनाने बाईंना वाटेतच सगळं सांगितलं होतं. बाई फक्त म्हणाल्या, "अक्षरं निघाली नाहीत, तर माफी मागायची तयारी ठेवा."

शेट कमरेवर हात ठेवून साखळीखाली उभे राहिले. "महिपत, किती वजन उचलतो रे हा?"

महिपतची नजर मुलांवर गेली. पण मालकासमोर त्याला राहवलं नाही. "काल ट्रकचं अख्खं इंजिन उचललं, शेट. हलला नाही."

"बघा. याला म्हणतात आकडा. बाई, असा एक जरी तुमच्या मुलांनी केला असता, तर मी वर्कशॉप बंद करायचं नाव काढलं असतं का?"

"नसतं काढलं?" मैनाने विचारलं.

"कशाला काढेन? उलट हार घातला असता."

"मग जरा जवळून बघू का?"

"शेट, गाडी भरायचीय," महिपत घाईने म्हणाला. "आता साखळी उतरवली तर..."

"उतरव रे. मुलं शिकतायत."

साखळी खाली आली. लवूने खिशातून रॉकेलचा बोळा काढला आणि आकड्याची मान घासली. काळा रंग गेला, मग लाल गेला आणि खालचं लोखंड दिसू लागलं. लवूने आकडा शेटांपुढे धरला. शेटांनी चष्मा लावला.

"मै... ल," त्यांनी वाचलं. "हे काय?"

"मैना आणि लवू," बाई शांतपणे म्हणाल्या.

महिपतने मान खाली घातली. "शेट, आपल्या आकड्याला भेग पडली होती. तुम्ही नवा आणायला सांगितलं होतं, ते राहूनच गेलं. समोर तो रहाट उभा होता. मला वाटलं, पोरांचं खेळणं, त्याने कुठे होडी ओढली जाणार? जुन्याला लाल रंग फासून तो तिथे लावला. एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

शेटांचा चेहरा लाल झाला. ते महिपतवर ओरडणार, तोच बाई बोलल्या.

"महिपत, तो भेगाळलेला आकडा इथे तुमच्या डोक्यावर लटकत होता. तुमच्या माणसांपैकी कुणी मेलं असतं. ते आधी ध्यानात घ्या." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि माझंही चुकलं. रहाट उघड्यावर ठेवला, आणि सकाळी न तपासता माणसं त्याच्याजवळ उभी केली. विभाग माझा आहे. आकडा कुणीही सहज काढू शकला, म्हणजे आपल्या कामात ती उणीव राहिली. चला, ती काढू."

शेटांनी आकडा साखळीतून सोडवायला लावला. मग त्यांनी आकडा दोन्ही हातांनी उचलून लवूला दिला. "बाई, परवा वाळूवर मी फार बोललो. तुम्ही खांद्यावर मार घेतलात आणि माझ्या तोंडून एक चांगला शब्द निघाला नाही. वर्कशॉप चालू राहील. येसूबाईंच्या होडीची फळी मी बसवून देतो, आणि महिपत स्वतः सुताराच्या हाताखाली राबेल."

होडीची फळी बसली त्या दिवशी मुलांनी आकडा दोराला अशा रिव्हेटने जोडला की तो छिन्नीशिवाय निघणार नाही. दोराजवळ कुणी येऊ नये म्हणून बाबूने दोन्ही बाजूंना बांबू रोवले आणि तिथे पहारा करत उभा राहिला. झोळीतला हात सांभाळत बाईंनी एकेक दाता, खिट्टी आणि आकडा तपासला, आणि मगच मान हलवली.

"आज दांडा कोण फिरवणार?" शेटांनी विचारलं.

"जिची होडी, ती," मैना म्हणाली.

येसूकाकीने पदर खोचला आणि दांड्याला हात घातला. खिट्टी टक्-टक् वाजू लागली. होडी पाण्यातून वर आली, ओंडक्यांवर चढली आणि न अडखळता पार माडाच्या सावलीपर्यंत पोचली. किनाऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. शेट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमच्या शाळेच्या पावसकर बाई आणि त्यांची मुलं. बघून घ्या."

बाईंनी डावा हात मैनाच्या डोक्यावर ठेवला. त्यांचे डोळे ओलावले होते, पण त्या दात्यांकडेच बघत होत्या.

येसूकाकी धापा टाकत दांड्यावर रेलली. तिने आपल्या होडीकडे पाहिलं, मग पाण्यात वाट बघत थांबलेल्या दुसऱ्या होड्यांकडे.

"पोरांनू, होडीतला आकडा सोडवा," ती म्हणाली. "आता कुणाची आणू?"