गाठीवरचं बोट

डोळे मिट आणि एक घर समोर आण. येडगावात धरणाकडे जाणारा रस्ता, त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर, आणि छपरावर चढलेली मधुमालती. संध्याकाळी उमललेलं फूल पांढरं, सकाळी गुलाबी, मग लाल. दिसलं? आता त्या घराला कुलूप लाव.

ते घर सरूबाईंचं. उन्हाळ्यात त्या वारल्या. जागा पुतण्याकडे, चांगदेवकडे गेली. गणपती उठले की तो घर पाडणार होता. वेल जुनी, मुळासकट हलवली तर जगली नसती. म्हणून चौथीतल्या अक्षदानं ठरवलं, गुट्टी बांधायची. फांदीची साल अंगठीसारखी गोल काढायची, तिथं ओलं शेवाळ लावायचं, वरून प्लॅस्टिक गुंडाळून आवळायचं. आत मुळं फुटली की फांदी कापायची, झालं नवं रोप. हे तिला सरूबाईंनीच शिकवलं होतं; ती त्यांना आजी म्हणायची. पण ते दोघींचं काम. सरूबाई गाठ मारायच्या, आणि गाठ सरकू नये म्हणून अक्षदा तिच्यावर बोट दाबून धरायची.

आता ती एकटी. मी शेजारचा म्हातारा मास्तर. माझे हात कापतात, म्हणून मी नुसतं स्टूल धरलं. सुतळीची गाठ सैलच पडली.

"उद्या परत बांधीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुट्टी घट्ट होती. सुतळीच्या जागी निळी चिंधी.

मी चांगदेवला विचारलं. तो हसला. "मी कशाला बांधू, गुरुजी? मी तर जेसीबी सांगून ठेवलाय. माकडानं बांधली आसंल!"

मी गाठ नीट पाहिली. उलट्या हाताची होती. सरूबाई डावखुऱ्या. चिंधीला लाल काठ होता. तसलं लुगडं मी त्यांच्याच अंगावर पाहिलं होतं, शेवटचं चितेवर.

अक्षदाला मी काही बोललो नाही. शाळा सुटली की ती यायची, फांदीला सावली करायची. प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागली.

गणपती उठले त्या रात्री वादळ झालं. सकाळी पाहिलं तर गुट्टी सुटून लोंबत होती, मुळं उघडी.

"काका, रविवारपत्तोर थांबा ना," अक्षदा चांगदेवला म्हणाली. "मुळं लई कवळी हायेत."

"रविवारी सकाळी मशीन येणार. तवर जगव, न्हायतर सोड नाद."

"जगवते."

ती घरून ओलं शेवाळ घेऊन आली. मी स्टूल उचललं. आम्ही वेलीपाशी गेलो.

प्लॅस्टिक पुन्हा गुंडाळलेलं होतं. त्याभोवती निळी चिंधी, पहिला फास पडलेला. तिची दोन्ही टोकं हवेत वर उचललेली, ताणलेली.

वारा नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

"अक्षदा, मागं ये."

"थांबा गुरुजी," ती हळू म्हणाली. "आजी खोळंबल्यात."

ती स्टुलावर चढली, आणि तिनं फासावर बोट ठेवलं.