टाकीला झालेलं अजीर्ण

कोकम सरबताच्या कारखान्यामागची मोठी बंद टाकी दिवसभर गुडगुडायची. मंगळवारी ती गप्प झाली. माथ्यावरच्या काचेच्या नळीतून एकही बुडबुडा येईना.

हे पहिल्यांदा शाल्मलीच्या लक्षात आलं, कारण टाकीशी रोज बोलणारी ती एकटीच होती. कारखान्याच्या वसाहतीत दुसरं मूल नव्हतं. शाळा पडद्यावर भरायची. सुटली की पडदा काळा व्हायचा. आई कारखान्यात इंजिनिअर होती, म्हणजे तिचा डबा घरी असायचा आणि ती कारखान्यात.

टाकी सांभाळायचे सावंतकाका. ते यंत्रमानव होते. आधीचे सावंत निवृत्त झाले, पण दारावरची पाटी बदलायला मंजुरी मिळेना. तेव्हा यंत्रमानवाचंच नाव सावंत ठेवलं.

"काका, ही बोलत का नाही?"

"पोट बिघडलंय. शनिवारपर्यंत गॅस आला नाही तर टाकी उपसायची, असं तुझ्या आईने सांगितलंय. मग जूनपासून तुला गावातल्या शाळेत नेणारी बसही रद्द. ती याच गॅसवर चालणार होती."

बसमध्ये खरी मुलं असतात, असं ती ऐकून होती.

"आत असतं तरी काय?"

"बाटल्या धुतलेलं गोड पाणी. ओढ्यात सोडलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. म्हणून ते इथे, हवा लागू न देता कुजवायचं. याला विनॉक्सी पचन (प्राणवायूवाचून होणारं कुजणं) म्हणतात. आत सूक्ष्मजीवांच्या दोन पंगती असतात. पहिली पंगत साखर खाऊन आम्लं (आंबट पदार्थ) करते. दुसरी ती आम्लं खाऊन मिथेन (जळणारा वायू) सोडते. पहिली खादाड, दुसरी सावकाश जेवणारी. आंबट फार साचलं की दुसरीची भूकच मरते."

"फार कशाने साचतं?"

"एकदम गोड वाढलं की."

शाल्मली हळूच म्हणाली, "काल माझा वाढदिवस होता. आई कामावर, तुम्ही चार्जिंगला. टाकीच माझी पाहुणी, म्हणून मी तिच्यात खराब पाकाचा नळ पूर्ण सोडला. पाहुण्यांना आग्रह करतात ना?"

"करतात," सावंतकाका म्हणाले. "माणसंही आग्रहाने आजारी पडतात. फक्त जाताना 'छान झालं हो' म्हणतात."

शाल्मलीने आईलाही सगळं सांगितलं. आई रागावली नाही. "काल मी यायला हवं होतं," एवढंच म्हणाली. पाक बंद केला. आंबटपणा मारायला टाकीत चुन्याचं पाणी सोडलं. मग वाट पाहणं उरलं. आई रोज डबा घेऊन टाकीपाशी यायची. दोघी तिथेच जेवायच्या. एकमेकींना आग्रह कोणी केला नाही.

शनिवारी दुपारी नळीत एक बुडबुडा वर आला. थोड्या वेळाने त्याच्यामागे दुसरा.

"काका, आतल्या पंगतींना माझं नाव माहीत नाही ना?"

"नाही."

"बसमधल्या मुलांना असेल?"

"तू सांगितलंस तर."

सावंतकाकांनी गोड पाण्याचा नळ थेंबाथेंबावर ठेवला. शाल्मली नळीसमोर उभी राहिली, घसा साफ केला आणि आपलं नाव सांगितलं. आधी पुटपुटत, मग जरा मोठ्याने. जूनला अजून अवकाश होता. सराव करायला वेळ होता.