आठाच्या रेषेबाहेर

आरटीओच्या मैदानावर रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कानामागे एक तीळ होता, आणि तो तीळ चैतालीच्या महिनाभराच्या ओळखीचा होता. सूरज सर? शिकाऊ मंडळींना सोडायला आले असतील म्हणावं, तर हातात फाइल, फाइलमध्ये शिकाऊ लायसन्स, आणि त्यावर चक्क त्यांचाच फोटो.

दोनशे माणसांना मोटारसायकल शिकवलेल्या मास्तरकडेच लायसन्स नव्हतं.

टाकवे बुद्रुकची चैताली एका लॅबमध्ये नुकतीच लागली होती. गावोगाव हिंडून रक्ताचे नमुने गोळा करायचे, म्हणून गाडी हवी आणि लायसन्सही. सोमाटण्याला मारुतीमामांची ड्रायव्हिंग स्कूल होती. रस्ता आणि मोटार मामा शिकवायचे; मागच्या शेतात चुन्याने आखलेला इंग्रजी आठ मात्र त्यांच्या भाच्याच्या, सूरजच्या ताब्यात. पाय टेकला की नापास, रेषा ओलांडली की नापास.

"मॅडम, चाकाकडं नका बघू," तो गाडीशेजारून पळत रोज सांगायचा. "जिकडं जायचंय तिकडं बघा. नजर जाईल तिकडंच गाडी जाती."

हेल्मेटचा पट्टा लावून देताना मात्र तो स्वतः भलतीकडेच बघायचा... हनुवटीला बोट लागू नये म्हणून किती ती कसरत. पावसाची भुरभुर आली की बाकीचे पळायचे आणि हिला दोन फेऱ्या जास्तीच्या मिळायच्या. व्हायचं ते झालं. मंगळवारी चैतालीने सगळा धीर गोळा करून विचारलं होतं, की पास झाले तर लोणावळ्याला न्याल का गाडीवर, धुकं बघायला? तो कानापर्यंत लाल झाला, 'न्हाई जमायचं' म्हणाला आणि बेगडेवाडीच्या स्टेशनाकडे पायीच चालू लागला. आपण त्याला आवडत नाही, असं तिने धरलं. दोन दिवस तिला घास गोड लागला नव्हता. आज परीक्षा झाली, की त्या शेतात जायला कारणही उरणार नव्हतं.

"सर... तुमी?"

सूरज वळला आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"तीनदा नापास झालोय," तो पुटपुटला. "शेतात डोळं झाकून आठ काढतो. पण साहेबानं वही उघडली, की पाय खाली. मामा सोडून कुणाला म्हाईत न्हाई."

"मग आता परत कशाला आलात?"

"तुमी इचारलं ना —" तो फाइलशी चाळा करू लागला. "लायसन्स नसताना तुमाला घाटात कसं न्यायचं? आन् ते सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?"

म्हणजे ते 'न्हाई' तिला नव्हतंच. दोन दिवस उगाच रडल्याचा राग आला, आणि रागाच्या आतून हसूही. तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला गेला.

पहिलं वळण त्याने असं घेतलं, की रांगेतली माणसं बघतच राहिली. मग इन्स्पेक्टरने वही उघडली. सूरजची मान खाली गेली, नजर चाकावर आली, डावा पाय वळवळू लागला. चैतालीला राहवेना.

"सर, चाकाकडं नका बघू."

त्याने मान वर केली आणि थेट तिच्याकडे बघितलं. मग नजर गेली तिकडे गाडी गेली. चुन्याची रेषा ओलांडून, अख्खं मैदान कापून, न डगमगता ती चैतालीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. इन्स्पेक्टरचं पेन हवेतच राहिलं.

"वाटेत पाय न्हाई टेकला," सूरज म्हणाला. सगळ्यात जास्त हादरला होता तोच.

"पण आलात कुटं?"

"जिकडं बघत होतो तिकडं." तो थांबला. "लय दिवस हिकडंच बघतोय, चैताली."

त्याच्या तोंडचं 'मॅडम' गळून पडलं होतं.

"नापास," इन्स्पेक्टर म्हणाले. "पुढचा नंबर."

पुढचा नंबर तिचाच होता. कान तापले होते, तरी तिने नजर वळणावर ठेवली आणि आठ पुरा केला.

लायसन्स पोस्टाने घरी आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेगडेवाडी स्टेशनाबाहेर गाडी लावून दोन हेल्मेटं घेऊन उभी राहिली. सूरज लोकलमधून उतरून बाहेर आला, तिला बघून जागीच थबकला. तिने मागची सीट दाखवली. तो बसला, पण दोन्ही हात मागच्या दांडीला. कामशेत गेलं तरी तसेच. लोणावळ्याच्या अलीकडे धुकं लागलं, तेव्हा कुठे एक हात बिचकत तिच्या खांद्यावर आला.

"मी कुटं बघू आता?" मागून त्याने विचारलं.

"कुटंबी बघा," ती म्हणाली. "आज रस्ता मी बघते. तुमी फक्त पाय वर ठेवा."