अढीजवळचा गुलाब

२०५८ साली तळेगावात कुंडीतले बुटके गुलाब फुलण्यासाठी नव्हे, गळण्यासाठी वाढवले जात.

फळ पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतं. तो लागला की गुलाबही म्हातारा होतो, पाकळ्या गाळतो. माणसाच्या श्वासात हा वायू नाममात्र असतो. अंगात दुखणं मुरत असलं तर किंचित जास्त. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. इरावती देवकुळेंनी तेवढ्यानेही गळणारी जात तयार केली. लोक तिला ‘हळवा गुलाब’ म्हणू लागले. दवाखान्यांसाठी केलेली ही कुंडी चार वर्षांत थेट मुली बघण्याच्या कार्यक्रमात शिरली. मुलाकडचे पोहे खाऊन निघताना ती मुलीच्या खोलीत ठेवत आणि आठ दिवसांनी फोटो मागत. मुलाच्या खोलीत ठेवायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

ऋता खानविलकरच्या खोलीतला गुलाब तिसऱ्याच दिवशी गळला. तिची आई शैलजा तडक इरावतीकडे आली.

“मॅडम, पलंगाखाली हापूसची अढी घातली होती हो! पेंढ्यात पाच डझन. माझी अक्कल गेली होती चरायला.”

“मग आंब्यांनीच गाळला असेल.”

“तसं लिहून द्या ना. इतकं चांगलं स्थळ हातचं जाईल.”

“नुसत्या अंदाजावर कसं लिहू? ही नवी कुंडी न्या. आंबे घराबाहेर, ऋता खोलीत. पाच दिवसांनी या.”

सहाव्या दिवशी शैलजा आली. कुंडीत नुसत्या काड्या होत्या.

“आंबे?”

“शेजारी दिले होते सगळे.”

“मग ऋताला आजच तपासायला हवं.”

“तिला नको.” शैलजाने दार लोटलं. “तिला मी मावशीकडे धाडलं होतं. म्हटलं, उगाच धोका कशाला? तिच्या खोलीत मीच झोपले. मला काय धाड भरलीय, असं वाटलं.”

इरावतीने फोन उचलला.

“शैलजाताई, डॉक्टरांना फोन लावते. आत्ताच जा.”

“जाईन, लग्न उरकलं की. पण पहिला गुलाब आंब्यांनीच गाळला ना? माझी ऋता ठणठणीत आहे ना?”

“तिला कुंडीजवळ बसवल्याशिवाय नाही सांगता येणार.”

मागच्या फळीवर चाळीस टवटवीत कुंड्या होत्या. शैलजाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि टेबलावरचा कागद इरावतीपुढे सरकवला.

“आधी ते आंब्यांचं लिहा.”

इरावतीने लिहिलं. ते खरं होतं की खोटं, हे तिलाही ठाऊक नव्हतं.