अकरा नंबरची मागची खुर्ची

ग्वाटिड्झो अकरा नंबरच्या विमानाच्या पोटावरचं तेल पुसत होता. ऑगस्टची सकाळ. जळलेल्या गवताचा वास धावपट्टीवर रेंगाळत होता. आफ्रिकेत, ऱ्होडेशियाच्या त्या माळावर, लढाईसाठी वैमानिक घडवायचे म्हणून गोऱ्यांनी ही शाळा काढली होती. घडवायचे म्हणे! इंग्लंडहून एकोणीस-वीस वर्षांची पोरं यायची, उन्हाने भाजून लाल व्हायची आणि धडधाकट विमानं काटेरी झाडांत नेऊन घालायची. ती पुसायला पंचेचाळिशीचा ग्वाटिड्झो. त्याला नाव होतं, तीन लेकरं होती, कुळाचा मान होता; पण तिथे तो सगळ्यांचा ‘पोऱ्या’.

सगळ्यांत वाईट तोंड क्रॅडॉकचं. हा शिकवणारा. पुढच्या खुर्चीत बसायचा आणि बोलायच्या नळीतून मागच्या पोराच्या कानात दिवसभर शिव्या ओतायचा. ग्वाटिड्झोच्या मते त्याला दोनच गोष्टी येत होत्या. दुसरी म्हणजे मिशा कुरवाळणं.

तीन आठवड्यांपूर्वी टॉलिव्हर नावाचा एक विद्यार्थी होता. बोलताना अडखळायचा. क्रॅडॉक सगळ्यांसमोर त्याची नक्कल करायचा. एक दिवस वैतागून म्हणाला, “जा एकटाच. निदान माझा तरी जीव वाचेल.” पोरगा एकटा गेला. उतरताना पट्टीच्या शंभर पावलं अलीकडे कोसळला. त्या विमानाला, अकरा नंबरला, नवे पंख बसले. मागची खुर्ची तीच राहिली, फक्त धुतलेली. धुतली ग्वाटिड्झोनेच.

त्यानंतर दोन विद्यार्थ्यांनी अकरा नंबरला हात लावायचं नाकारलं. उतरायच्या वेळी मागे कुणीतरी हातातला विमान चालवायचा दांडा काढून घेतं, म्हणे.

“भित्री मेंढरं!” क्रॅडॉक गरजला. सगळे रांगेत उभे होते. “बघा, हा काळा पोऱ्या बसेल तिथे. ए, चढ!”

सोबतचा कामगार चिवेशे त्याला कुळाच्या नावाने हाक मारून शोना भाषेत पुटपुटला, “शुंबा, नको जाऊस. परक्या मुलखात मेलेला आहे तो. त्याला घरी न्यायला कुणी आलेलं नाही. असा जीव दुसऱ्याच्या अंगात घर करतो.”

“आणि मी नाही म्हटलं तर? तू माझ्या घरी मका पाठवशील?”



ग्वाटिड्झो चढला. नळी जोडलेली टोपी त्याला दिलीच नाही. “नंतर घालणार कोण ती?” क्रॅडॉक म्हणाला, आणि पोरं हसली. नळीचं मोकळं टोक ग्वाटिड्झोच्या गुडघ्याशी लोंबत राहिलं.

वर गेल्यावर इंजिनाच्या आवाजापुढे काही ऐकू येईना. गार वारा, खाली तांबडी जमीन. क्रॅडॉकने दोन घिरट्या मारल्या. मग त्याचं डोकं किंचित कललं. तो काहीतरी बोलत होता... थांबत होता... पुन्हा बोलत होता. कुणाशी?

उतरण्यासाठी त्याने इंजिन मंद केलं, आणि एकाएकी सगळं शांत झालं. पंखांच्या तारांमधून वारा तेवढा सुसत होता. त्या शांततेत क्रॅडॉकचं बोलणं स्पष्ट आलं.

“नीट बोल! अडखळू नकोस!”

ग्वाटिड्झोने तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

क्रॅडॉक गर्रकन वळला. “मेलेल्याची नक्कल करतोस? डुकरा!... दांड्यावरचा हात काढ!”

“माझा हात नाहीये, साहेब!” ग्वाटिड्झो ओरडला. त्याने दोन्ही हात डोक्यावर धरले.

त्याच्या गुडघ्यांमधला, पुढच्या दांड्याशी जोडलेला दांडा हलत होता. हळूच मागे. थोडा डावीकडे. खाली विमान वळवायला पायाने दाबायच्या पट्ट्या आळीपाळीने दबत होत्या. क्रॅडॉकने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग स्वतःच्या. मग त्यानेही, हुकूम मिळाल्यासारखे, दोन्ही हात वर केले.

जमीन जवळ आली. ग्वाटिड्झोच्या मानेमागे कुणीतरी श्वास रोखला होता. चाकं गवताला टेकली... मांजराने पाऊल टाकावं तशी.

खाली पोरांनी टाळ्या वाजवल्या. असं उतरताना त्यांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. क्रॅडॉक उतरला आणि हात तसेच अर्धवट वर धरून रांगेसमोरून चालत गेला. कुणीतरी विचारलं, “सर, कसं झालं?”

“म-म-मी...” तो म्हणाला आणि तिथेच ओकला. पोरं आधी दचकली, मग खुदखुदली. ग्वाटिड्झोला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. चार दिवसांनी क्रॅडॉकची दुसरीकडे बदली झाली. जाताना तो कुणाशी बोलला नाही.

पण त्या उड्डाणाच्या संध्याकाळी ग्वाटिड्झो घरी चुलीपाशी बसला होता. बायकोने, रुदोने, सड्झाची, मक्याच्या घट्ट लापशीची, ताटली पुढे केली आणि ती थबकली.

“पायांना काय झालंय?”

“काय?”

“कधीपासून बघतेय. एक दाबतोस, एक सोडतोस.”

त्याने खाली पाहिलं. अनवाणी टाचा जमिनीत रुतल्या होत्या. त्याने पाय आवरायचा प्रयत्न केला.

बाहेर वारा फिरला, डावीकडून आला. धूर उजवीकडे कलला. ग्वाटिड्झोचा डावा पाय, अगदी बेताने, खाली दबला.