यशवंतपूरला एक जण

अभिजीत, तो पंखा जरा कमी कर. स्वानंदी, बस इथे. हे मालोजीच्या बाबतीत घडलं. निपाणीचा, आम्ही एका खोलीत राहायचो. त्याने मला हे एकदाच सांगितलं.

सत्त्याण्णव साल. पंधरा नोव्हेंबर, शनिवार. सहकारी लग्नाला गेला म्हणून मालोजीने जे. पी. नगरच्या ऑफिसात त्याची रात्रपाळी घेतली. त्यांचा प्रोग्राम शहराच्या दुसऱ्या टोकाला, यशवंतपूरच्या एका कारखान्यात चालायचा. तो नीट चाललाय का, हे ऑफिसात बसून कळावं म्हणून मालोजीनेच सोय केली होती. प्रोग्राम दर मिनिटाला आपले आकडे फोनच्या तारेवरून बाहेर पाठवायचा. पडद्यावर दोन ओळी दिसायच्या. यशवंतपूरला किती जण कामाला बसलेत आणि जे. पी. नगरला किती.

दसऱ्याच्या आदल्या रात्री यशवंतपूरच्या ओळीत पहाटेपर्यंत 'एक' होता. तो यल्लाप्पा, तिथला ऑपरेटर. मालोजीला वाटलं, काम करतोय बिचारा. फोन काही केला नाही. सकाळी यल्लाप्पा खुर्चीतच थंडगार सापडला. संध्याकाळीच गेला होता तो.

आता या शनिवारी कारखाना बंद होता. यशवंतपूर शून्य. जे. पी. नगर एक, म्हणजे मालोजी स्वतः.

एक वाजून दहा मिनिटांनी यशवंतपूर... एक झालं.

मालोजीने कारखान्याच्या वॉचमनला, कृष्णमूर्तीला फोन लावला. तो बेळगावात वाढलेला, मराठी यायचं त्याला.

"अण्णा, कंप्यूटरवर कोण बसलंय?"

"यारू इल्ला, सार. कोणी नाही. कुलूप आहे."

"स्वल्प, जरा उघडून बघा."

दोन मिनिटांनी कृष्णमूर्तीने कंप्यूटरच्या खोलीतला, त्याच लाइनवरचा फोन उचलला.

"कोणी नाही, सार. पण मशीन चालू आहे. नाव दिसतंय..."

"कुणाचं?"

...

"यल्लाप्पा."

मालोजीने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"सार... खुर्ची गरम आहे."

"मशीन बंद करा. बाहेर या, अण्णा!"

खटका वाजला. पळणारी पावलं ऐकू आली. रिसीव्हर तसाच लोंबकळत असावा. मालोजी ऐकत राहिला.

मग कोणीतरी अगदी हळू बोललं.

"त्या रात्री दिसत होतं ना, सार?"

यल्लाप्पाचा आवाज.

मालोजीने पडद्याकडे पाहिलं. यशवंतपूर शून्य.

जे. पी. नगर...

दोन.

त्याने मागे पाहिलं नाही. दार उघडं टाकून अनवाणी पळत तो खोलीवर आला. पुढच्याच आठवड्यात आनेकलला जाऊन त्याने यल्लाप्पाच्या बायकोला सगळं सांगितलं. तिने त्याला पाणी दिलं. मग नोकरी सोडून तो निपाणीला गेला तो गेलाच.

पण त्या रविवारी सकाळी त्याच्या चपला आणायला ऑफिसात मी गेलो होतो. दार एकच. खिडक्यांना गज. दार ढकललं, उघडेना. शेवटी सुतार बोलावून फोडलं.

आत कोणी नव्हतं.

कडी आतून घातलेली होती.